लायब्ररीचे दिवस कापले, ‘कॉल-इन’ झालं, आता पुढे काय? (यूकेतली काउन्सिलं आणि स्क्रुटिनी कमिटी)

रेवा_मिडलंड्स

मंडळी, इथे काउन्सिलच्या (म्हणजे इथल्या पालिकेच्या) कारभाराची माहिती असलेलं कोणी आहे का?

आमच्या गावातली लायब्ररी आठवड्यातून पाच दिवस उघडी असते. काउन्सिलच्या कॅबिनेटनं मागच्या आठवड्यात ठरवलं की यापुढे दोनच दिवस कर्मचारी असतील. उरलेले दिवस गावातल्या गटांना स्वयंसेवक आणून चालवायची असेल तर त्यांनी चालवावी. पुस्तकांचं एक वेळ सोडा, पण घरी कंप्युटर नसलेली माणसं तिथे बसून बेनिफिटचे (सरकारी मदतीचे) फॉर्म भरतात आणि थंडीत म्हातारी मंडळी दुपारभर तिथेच असतात. शाळा सुटल्यावर पोरांची गर्दी होते ती वेगळी.

आमच्या वॉर्डाच्या काउन्सिलर बाई विरोधी पक्षाच्या आहेत. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, “आम्ही निर्णय कॉल-इन केलाय, पुढच्या आठवड्यात स्क्रुटिनी (छाननी) कमिटी आहे, या आणि बोला.” मी हो म्हटलं खरं, पण ही कमिटी निर्णय रद्द करू शकते का, आणि माझ्यासारखीनं तिथे जाऊन काय बोलायचं, काहीच माहीत नाही. नवरा म्हणतो वेळ वाया घालवू नकोस.

चिमणराव_साऊथहॉल

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे पार्किंगचा असाच घोळ चालू आहे.

जुना_कारकून

मी इंग्लंडमधल्या एका काउन्सिलच्या कमिटी विभागात बरीच वर्षं काढली. इतिवृत्तं लिहायची, कागद वाटायचे, अध्यक्ष अडखळले की कानात नियम सांगायचा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२००० सालापर्यंत इथला कारभार समित्यांतून चाले. शिक्षण समिती, घरांची समिती, प्रत्येकीत सगळ्या पक्षांचे काउन्सिलर, आणि निर्णय समितीचा. लोकल गव्हर्नमेंट ॲक्ट २००० नं ती घडी मोडली. आता बहुतेक ठिकाणी एक लीडर आणि त्याचं कॅबिनेट, सगळे मिळून जास्तीत जास्त दहा जण. काही ठिकाणी थेट निवडलेला मेयर. साठ-सत्तर काउन्सिलर असलेल्या ठिकाणी महत्त्वाचे निर्णय दहा डोक्यांत होतात. उरलेल्या पन्नास-साठांना काम हवं आणि त्या दहांवर कोणाचा तरी डोळा हवा, म्हणून त्याच कायद्यानं ओव्हरव्ह्यू अँड स्क्रुटिनी कमिट्या आणल्या. कॅबिनेटमधल्या माणसाला तिथे बसता येत नाही. जागा मात्र पक्षांच्या बळाप्रमाणे वाटल्या जातात, त्यामुळे कॅबिनेट ज्या पक्षाचं, बहुधा बहुमतही त्याचंच. हे लक्षात ठेवून जा.

आता कॉल-इन. निर्णय झाला, प्रसिद्धही झाला, पण अंमल सुरू झालेला नाही, एवढ्या फटीत तो धरायचा. बहुतेक काउन्सिलांत प्रसिद्धीपासून कामाचे पाच दिवस मिळतात. किती काउन्सिलरांच्या सह्या लागतात ते प्रत्येक काउन्सिलच्या स्वतःच्या घटनेत (नियमावलीत) लिहिलेलं असतं आणि आकडा जागोजागी वेगळा. कमिटी ऐकून घेते आणि एक तर निर्णय जाऊ देते, नाही तर कारणं लिहून कॅबिनेटकडे फेरविचारासाठी परत पाठवते. निर्णय मंजूर बजेटच्या किंवा धोरणाच्या चौकटीबाहेर असेल तर तो पूर्ण काउन्सिलपुढे नेता येतो. रद्द करण्याचा अधिकार नाही. कॅबिनेटनं परत बसून तोच निर्णय घेतला तर साधारणपणे विषय तिथे संपतो, दुसऱ्यांदा कॉल-इन होत नाही.

पण कमिटीच्या हातात काहीच नाही असंही नाही. कॅबिनेट सदस्याला किंवा अधिकाऱ्याला बोलावलं तर त्याला यावं लागतं आणि उत्तर द्यावं लागतं. कमिटीनं शिफारशी करून उत्तर मागितलं तर कॅबिनेटला ते दोन महिन्यांत द्यावं लागतं, हे कायद्यात आहे. ज्या विषयाची छाननी चालू आहे त्याचे गोपनीय कागदसुद्धा सदस्य मागू शकतात. आमच्याकडे ते गुलाबी कागदावर छापायचे, म्हणजे चुकून कोणाच्या पिशवीतून बाहेर गेले तर लांबून दिसावेत!

तुम्ही बोलायला गेलात तर “लायब्ररी वाचवा” म्हणू नका. ते वाक्य कॅबिनेट सदस्य दिवसातून दहादा ऐकतो. कागद मागा. लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या तेव्हा दोन दिवसांचा पर्याय त्यात होता का? समानतेच्या कायद्याखाली कोणावर काय परिणाम होईल याचं जे मूल्यमापन करतात, ते निर्णयाआधी झालं की नंतर? किती पैसे वाचणार आणि तो आकडा कसा काढला? स्वयंसेवक मिळाले नाहीत तर काय? १९६४ च्या लायब्ररी कायद्यानं काउन्सिलवर सर्वंकष आणि कार्यक्षम सेवा देण्याची जबाबदारी टाकली आहे, ती दोन दिवसांत कशी पार पडते हे त्यांनी कुठे लिहिलंय, तेही विचारा. हरकती-सूचनांबद्दल तर लंडनमधल्या ब्रेंट काउन्सिलविरुद्धचा १९८५ चा गनिंग खटला आहे. प्रस्ताव कच्चा असतानाच लोकांना विचारायचं, कारणं द्यायची, पुरेसा वेळ द्यायचा आणि आलेलं मनापासून विचारात घ्यायचं, असं तो सांगतो. अधिकाऱ्यांना हा खटला पाठ असतो. तुम्ही नुसतं नाव घेतलंत तरी खुर्चीत सरळ होऊन बसतील.

रेवा_मिडलंड्स

कारकून काका, खूप आभार. हे सगळं मी छापून घेतलंय. पण एक शंका. रद्दच करता येत नाही, बहुमतही त्यांचंच, मग एवढा खटाटोप कशाला ठेवलाय?

वाकडी_वाट

रेवाताई, बरोबर नस पकडलीत. मी दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनमध्ये राहतो, त्यामुळे या विषयावर माझं तोंड कडूच आहे. आमच्या काउन्सिलनं स्वतःचीच ब्रिक बाय ब्रिक नावाची घरबांधणी कंपनी काढली आणि तिला जवळजवळ २० कोटी पौंड कर्ज दिलं. लाभांश काही दिसला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये लेखापरीक्षकांनी जाहीर अहवालात ‘सामूहिक आंधळेपणा’ म्हटलं आणि नोव्हेंबरमध्ये कलम ११४ ची नोटीस निघाली, म्हणजे खिशात पैसे नाहीत, अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. स्क्रुटिनी कमिटी होती की! नियमित बैठका, चहा-बिस्किटं, इतिवृत्तं, सगळं.

एसेक्समधल्या थरॉक काउन्सिलचं तर विचारूच नका. दुसऱ्या काउन्सिलांकडून अल्प मुदतीची कर्जं उचलून सोलर फार्मच्या धंद्यात कोट्यवधी पौंड ओतले. कोणी विचारलं की उत्तर एकच, व्यावसायिक गोपनीयता. शेवटी शोधपत्रकारांनी माहितीच्या अधिकारात भांडून कागद बाहेर काढले. डिसेंबर २०२२ मध्ये तिथेही ११४. मग स्क्रुटिनी कमिटीनं काय छानलं, चहा?

जुना_कारकून

वाकडी_वाट, दोन्ही उदाहरणं खरी आहेत आणि आमच्या खात्यात आजही सांगितली जातात. पण ती कॉल-इनची उदाहरणं नाहीत. दोन्हीकडे प्रश्न निर्णयाच्या आधीच्या आणि नंतरच्या काळातला होता. थरॉकचे व्यवहार अधिकाऱ्यांच्या हाती सोपवलेल्या अधिकारातून झाले. कमिटीसमोर विषय आलाच नाही, तर ती काय छाननार? आणि ‘गोपनीय आहे’ म्हटल्यावर नियमावर बोट ठेवून “आम्ही सदस्य आहोत, आम्हाला दाखवा” असं म्हणायला तयारी लागते. २०१७ मध्ये खासदारांच्या समितीनं स्क्रुटिनीवर अहवाल दिला, त्यात आग्रह हाच होता की काउन्सिलचा पौंड जिथे जाईल तिथे कमिटीला जाता आलं पाहिजे, मग तो ठेकेदाराकडे जावो नाही तर स्वतःच्या कंपनीत. त्यानंतर मे २०१९ मध्ये सरकारनं मार्गदर्शक सूचना काढल्या.

कॅबिनेटचा महत्त्वाचा निर्णय किमान २८ दिवस आधी जाहीर करावा लागतो. ती यादी काउन्सिलच्या वेबसाइटवर असते आणि ती कोणी म्हणजे कोणी उघडत नाही. त्या २८ दिवसांत कमिटीनं विषय मागून घेतला तर मसुदा बदलतो, आणि बदलला हे बाहेर कळतही नाही. कॉल-इनपर्यंत आलं की कॅबिनेटची इभ्रत पणाला लागलेली असते, मग ते मागे हटत नाहीत.

डॉ_पाटणकर_यॉर्कशायर

दुसऱ्या बाजूनं लिहितो. मी एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) आहे आणि एका बदलाबद्दल आरोग्याच्या स्क्रुटिनी कमिटीसमोर आमच्या ट्रस्टतर्फे (हॉस्पिटल चालवणाऱ्या संस्थेतर्फे) बोलायला जावं लागलं होतं. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं की काउन्सिलच्या या कमिट्या हॉस्पिटलांचीही छाननी करतात. एखादी सेवा मोठ्या प्रमाणावर बदलायची किंवा हलवायची तर एनएचएसला त्यांच्याशी सल्लामसलत करावी लागते. आम्ही आलेख, स्लाइड, सगळं घेऊन गेलो. एका निवृत्त बसचालक काउन्सिलरनं एवढंच विचारलं, “रात्री अकरानंतर तुमच्या नव्या हॉस्पिटलला कुठली बस जाते?” कोणाकडे उत्तर नव्हतं. प्रवासाचा अभ्यास परत करावा लागला.

आमच्या भागातलं गाजलेलं प्रकरण हडर्सफील्डचं. जानेवारी २०१६ मध्ये तिथलं आपत्कालीन केंद्र बंद करून सगळं हॅलिफॅक्सला न्यायचा प्रस्ताव आला. लोक रस्त्यावर उतरले, ते झालंच. पण अडवण्याचं शस्त्र होतं ते काल्डरडेल आणि कर्कलीज या दोन काउन्सिलांच्या संयुक्त स्क्रुटिनी कमिटीकडे. जुलै २०१७ मध्ये तिनं प्रकरण आरोग्यमंत्र्यांकडे धाडलं. स्वतंत्र पॅनेलनं तपासलं, २०१८ मध्ये सांगितलं की योजनेवर आणखी काम हवं, आणि सुधारलेल्या योजनेत हडर्सफील्डचं केंद्र टिकलं.

दुःखाची गोष्ट ही की मंत्र्यांकडे धाडण्याचा तो खास अधिकार ३१ जानेवारी २०२४ पासून गेला. आता मंत्र्यांना स्वतःच हस्तक्षेप करता येतो आणि त्यांना विनंती कोणीही करू शकतं, तुम्ही-मीसुद्धा. लोकशाही वाढली असं सरकार म्हणतं. माझ्या मते दात काढून घेतले.

आणि कमिटी झोपली तर काय होतं तेही आम्ही पाहिलंय. स्टॅफर्डच्या हॉस्पिटलात २००५ ते २००९ रुग्णांचे हाल झाले. त्याच्या चौकशीच्या फेब्रुवारी २०१३ च्या फ्रान्सिस अहवालात स्थानिक स्क्रुटिनी कमिट्यांवरही ठपका आहे. ट्रस्टनं सांगितलं ते ऐकून घेतलं, रुग्णांच्या घरच्यांचं ओरडणं कानाआड गेलं, धोक्याच्या खुणा ओळखता आल्या नाहीत. आकडे सादर करणारा डॉक्टर असला की सदस्य गप्प होतात, हे मी डॉक्टर म्हणून सांगतोय.

पर्वतीकर

पुण्यातून वाचतोय. आपल्याकडची रचना पाहिली तर हे सगळं उलटं वाटतं. १९४९ च्या महापालिका कायद्यात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त राज्य सरकारनं पाठवलेला. निवडून आलेल्यांची मोठी ताकद म्हणजे स्थायी समिती, सोळा सदस्य, दर वर्षी निम्मे निवृत्त. निविदा, अंदाजपत्रक, सगळं तिच्यापुढून जातं. म्हणजे तुमची कमिटी शिफारस करते, आमची समिती मंजुरीच देते. अधिकाराच्या बाबतीत आमची भारी! पण पैसा मंजूर करणारी तीच आणि आयुक्तांना जाब विचारणारी तीच, मग तिला जाब कोण विचारणार? मुख्य सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून चार ओळींचे प्रस्ताव आले आणि टाळ्यांत मंजूर झाले, असं पाहतच आम्ही मोठे झालो. नको असलेला विषय ‘दप्तरी दाखल’. फेरविचाराचे प्रस्ताव आपल्याकडेही येतात, पण कारण लिहून, लोकांसमोर, अधिकाऱ्याला उभं करून असे क्वचितच.

आणि मार्च २०२२ नंतर तर तेही उरलं नाही. मुदत संपली, निवडणुका झाल्या नाहीत, आयुक्तच प्रशासक. टिपणी ठेवणारे तेच, स्थायी समिती म्हणून मंजूर करणारे तेच, मुख्य सभा म्हणून शिक्कामोर्तब करणारेही तेच. निवडणुकांना २०२६ उजाडलं. इतक्या वर्षांत पुणेकरांनी पाच दिवसांच्या कॉल-इनचं नाव जरी ऐकलं असतं तरी पेढे वाटले असते.

झेडपी_मास्तर

पर्वतीकर, ग्रामीण भागाला विसरू नका. आमच्याकडे विधिमंडळाची पंचायती राज समिती आहे. ‘पीआरसी येणार’ असा निरोप आला की अख्ख्या जिल्हा परिषदेला ताप चढतो. रजा बंद, दफ्तरं अद्ययावत, शाळेच्या भिंतींना चुना, आरोग्य केंद्रात वर्षभर न दिसलेली औषधं. आमदार मंडळी लेखापरीक्षणातले जुने आक्षेप काढून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष लावतात, मग गाड्या काढून अचानक शाळा गाठतात. माझ्या वर्गात एका आमदारांनी पोराला सतराचा पाढा विचारला होता. त्यानं म्हटला. मग पोरानं विचारलं, “साहेब, आमचा संडास कधी होणार?” त्या वर्षी झाला बरं का!

समिती गेली की मात्र पुढच्या दौऱ्यापर्यंत सगळं पहिल्यासारखं. रेवाताईंच्या कमिटीचा फायदा हा की ती तिथेच राहते.

शेफील्डची_मावशी

आमचं गाव या बाबतीत जरा हट्टी आहे. काउन्सिलनं २०१२ मध्ये रस्त्यांच्या देखभालीचा पंचवीस वर्षांचा करार केला, आणि रस्त्याकडेची झाडं तोडली जायला लागली. नोव्हेंबर २०१६ मध्ये रस्टलिंग्ज रोडवर पहाटे पाच वाजता पोलीस घेऊन आले, लोकांना झोपेतून उठवून गाड्या हलवायला लावल्या. झाडाखाली उभ्या राहिलेल्या पेन्शनर बायकांना अटक झाली. काउन्सिल म्हणत राहिलं की नाइलाज आहे, शेवटचा उपाय आहे. २०१८ मध्ये बाहेर आलं की करारात १७,५०० झाडं बदलायचा आकडा होता. रस्त्यांवर झाडं होती सुमारे ३६,०००. २०२३ मध्ये या प्रकरणाच्या स्वतंत्र लोकॉक चौकशीचा अहवाल आला आणि काउन्सिलची पुरती शोभा झाली.

पण या धाग्यासाठी महत्त्वाचं ते पुढचं. आमच्यातल्या खूप लोकांना वाटलं, स्क्रुटिनी सुधारून भागणार नाही. ८४ काउन्सिलर निवडून देतो आणि ठरवतात मूठभर, हेच नको. दारोदार फिरून वीस हजारांवर सह्या गोळा केल्या आणि कायद्याप्रमाणे सार्वमत घ्यायला भाग पाडलं. मे २०२१ मध्ये सुमारे ६५ टक्के लोकांनी कॅबिनेट मोडून जुन्या समिती पद्धतीकडे जायला मत दिलं. २०११ च्या लोकलिझम ॲक्टनं ही वाट खुली केली होती. ब्रिस्टलनं मे २०२२ मध्ये मेयर घालवला आणि २०२४ पासून तेही समित्यांवर गेले.

त्यानं स्वर्ग आला का? नाही. बैठका लांबल्या. पण आमच्या भागाच्या काउन्सिलरला “मला माहीत नव्हतं, कॅबिनेटनं ठरवलं” असं म्हणायची सोय राहिली नाही. मला तेवढं पुरे.

जुना_कारकून

मावशींच्या मुद्द्याला जोड. समिती पद्धतीत स्क्रुटिनी कमिटी ठेवायची सक्ती नसते, कारण निर्णयाच्या टेबलावरच सगळे पक्ष असतात. आरोग्याची छाननी मात्र तिथेही कोणाला तरी करावीच लागते.

वाकडी_वाट

माझा खरा राग व्हिपवर आहे. स्क्रुटिनीत व्हिप चालवू नये असा संकेत आहे म्हणे. विषयपत्रिकेवर ‘पक्षादेश असल्यास जाहीर करावा’ असं कलमसुद्धा असतं. आजवर कोणी जाहीर केलेला पाहिला नाही, आणि मतदानात हात बरोब्बर पक्षाप्रमाणे वर जातात. अध्यक्षपद सत्ताधाऱ्यांकडे, त्याला भत्ता, आणि भत्ता देणार कोण, तर लीडरची मर्जी. वेल्समध्ये निदान अध्यक्षपदं पक्षगटांत वाटून द्यायचा कायदा आहे. इंग्लंडमध्ये तेही नाही.

सुमेधा_के

मी आमच्या काउन्सिलच्या मुलांच्या सेवा पाहणाऱ्या कमिटीवर पालकांची प्रतिनिधी आहे. हो, निवडणूक न लढवता! शिक्षणाचा विषय असलेल्या कमिटीवर शाळांच्या पालक-गव्हर्नरांचे (शाळेच्या व्यवस्थापन मंडळावरच्या पालकांचे) प्रतिनिधी आणि चर्च ऑफ इंग्लंड व रोमन कॅथलिक चर्चचे प्रतिनिधी घ्यावे लागतात, आणि शिक्षणाच्या विषयावर आम्हाला मतही असतं. तुमच्यापैकी कोणी स्कूल गव्हर्नर असेल तर जरूर उभे राहा. आपली माणसं या खुर्च्यांवर फार कमी दिसतात.

वाकडी_वाट म्हणतात ते जाहीर बैठकीत खरं आहे. कॅमेरा चालू असतो, प्रत्येकाला स्थानिक बातमीत यायचं असतं. काम होतं ते ‘टास्क अँड फिनिश’ गटांत. पाच-सहा सदस्य, एकच विषय, काही महिने. आम्ही विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शाळेच्या टॅक्सीचा विषय घेतला होता. खर्च दर वर्षी फुगत होता म्हणून काउन्सिलला पात्रता कडक करायची होती. आम्ही पालकांशी बोललो, ड्रायव्हरांशी बोललो आणि एका सकाळी टॅक्सीतून शाळेपर्यंत गेलो. एकाच रस्त्यावरच्या तीन मुलांसाठी तीन टॅक्सी येत होत्या, कारण अर्ज वेगवेगळ्या महिन्यांत मंजूर झालेले. सत्ताधारी-विरोधी कोणी उरलं नाही, सगळे नकाशावर वाकलेले. अहवाल एकमतानं झाला आणि मोठा भाग स्वीकारलाही गेला. पेपरात एक ओळ आली नाही.

आणि कार्यक्रम ठरवणारी बैठक चुकवू नका. वर्षाच्या सुरुवातीला कमिटी कुठले विषय घेणार ते ठरतं आणि बऱ्याच काउन्सिलांत लोकांकडून सूचना मागवतात. आमच्याकडे फारशा येत नाहीत.

रेवा_मिडलंड्स

कालची बैठक झाली. सांगते.

तीन मिनिटं बोलायला मिळाली, आधी लेखी नाव द्यावं लागलं होतं. काकांच्या यादीतले प्रश्नच विचारले. पैशाच्या प्रश्नाला उत्तर तयार होतं. समानतेचं मूल्यमापनही निर्णयाआधीचं निघालं, पण सगळ्या लायब्ऱ्यांसाठी मिळून एकच केलेलं. स्वयंसेवकांचा प्रश्न मात्र लागला. अध्यक्षांनी तो उचलून धरला आणि अधिकाऱ्यांना विचारलं, किती गटांनी लेखी होकार दिलाय? उत्तर आलं, “चर्चा सकारात्मक आहेत.” अध्यक्षांनी तोच प्रश्न परत विचारला. मग उत्तर आलं, एकाही नाही.

सभागृहात कुजबुज झाली. कॅबिनेट सदस्य म्हणाले की बचत बजेटमध्ये धरलेली आहे, निर्णय लांबवला तर दुसरीकडे कापावं लागेल. ते खरंही असेल. मतदानात सत्ताधारी पक्षाच्या एका काउन्सिलरनं विरोधकांबरोबर हात वर केला, त्यांच्या वॉर्डातली लायब्ररीही यादीत आहे म्हणे. एका मतानं निर्णय कॅबिनेटकडे परत गेला. शिफारशी अशा की स्वयंसेवक गटाशी करार झाल्याशिवाय दिवस कमी करू नयेत, आणि शाळा सुटल्यानंतरच्या तासांना हात लावू नये. लायब्ररी वाचली असं मुळीच नाही, कॅबिनेट पुढच्या महिन्यात बसेल. नवरा आता विचारतोय, पुढची बैठक कधी?

वाकडी_वाट

एक जण पक्ष सोडून मत देतो हे ऐकून बरं वाटलं. पुढच्या निवडणुकीत त्याला तिकीट मिळतं का बघू.

जुना_कारकून

छान काम केलंत. आता कॅबिनेटच्या बैठकीचे कागद पाच दिवस आधी लागतील, ते उघडा. त्यात कमिटीच्या शिफारशी शब्दशः आल्यात की ‘सदस्यांनी चिंता व्यक्त केली’ एवढ्यावर गुंडाळल्यात, ते पाहा. अर्धी लढाई तिथे हरतात. गुंडाळल्या असतील तर अध्यक्षांना त्याच दिवशी ईमेल करा. आणि स्वीकारल्या तरी सहा महिन्यांनी अंमल किती झाला याचा अहवाल कमिटीपुढे यावा, असं आत्ताच मागून घ्या.

चिमणराव_साऊथहॉल

माझ्या पार्किंगच्या प्रकरणात काउन्सिल म्हणतं की निर्णय तातडीचा होता म्हणून कॉल-इन लागू नाही. असं करता येतं?

जुना_कारकून

तातडीची तरतूद असते, पण कॅबिनेटनं मनानं ठरवून भागत नाही. बहुतेक ठिकाणी स्क्रुटिनीच्या किंवा काउन्सिलच्या अध्यक्षांची संमती लागते आणि कारण नोंदवावं लागतं. अध्यक्षांनी कधी आणि कशाच्या आधारावर संमती दिली, ते पत्र मागा. पार्किंगची वेळ बदलायला कसली आलीये तातडी?

नवखा_२४

बावळट प्रश्न असेल, पण माझा पासपोर्ट भारतीय आहे. मला या काउन्सिलरांना जाब विचारायचा अधिकार आहे का?

सुमेधा_के

बावळट मुळीच नाही. बैठकीला बसायला आणि काउन्सिलरला लिहायला नागरिकत्व लागत नाही. आणि भारतीय नागरिक कॉमनवेल्थमध्ये येत असल्यानं वैध व्हिसावर राहत असाल तर इथल्या काउन्सिलच्या निवडणुकीत मतही देता येतं. मतदारयादीत नाव घालून टाका, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे. मत द्यायला जाताना फोटो असलेलं ओळखपत्र न्या, मे २०२३ पासून ते इंग्लंडमध्ये सक्तीचं आहे.

नवखा_२४

अरे वा, हे माहीतच नव्हतं. आणि बैठकीचं मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं तर हाकलत नाहीत ना?

जुना_कारकून

२०१४ च्या नियमांनी जाहीर बैठकीचं चित्रीकरण करायला परवानगी आहे. मागच्या रांगेत बसा, फ्लॅश बंद ठेवा. गुलाबी कागदांचा विषय आला की मात्र सगळ्यांनाच बाहेर काढतात, तेव्हा फोन खुर्चीवर विसरू नका.